हात काढशील तेव्हा

निळ्या टोपणाच्या कुपीवरची पट्टी तशीच होती. ताणून गुंडाळलेली, टोक आत दुमडलेलं, सकाळी फ्रीजरमधून काढताना होती तशी. तिने कुपी बर्फातून उचलली, उजेडाकडे धरली, परत ठेवली आणि पुन्हा उचलली. मग शेजारची पांढऱ्या टोपणाची कुपी पाहिली. ती अर्धी झाली होती. निळ्या टोपणात औषध असतं. पांढऱ्यात असतो नुसता द्राव, ज्यात औषध विरघळवतात तो; पाण्याहून फार वेगळा नाही. आणि तिच्या खांद्याशी, पडद्यावर, आत्ताच संपलेल्या चित्रणाची शेवटची चौकट थबकून राहिली होती. काळोखात हिरव्या पेशी, मधल्या उजळून पांढरट झालेल्या, आणि तिथून चहूकडे शेजारणी-शेजारणींत पसरत गेलेला उजेड. औषध घातल्यावर गेली कित्येक वर्षं पसरत होता तसाच. आज औषध घातलंच नव्हतं.

चूक साधी होती. वहिनीचा फोन येऊन गेला होता, दादाला जिना चढताना मध्येच बसावं लागलं म्हणून. त्यानंतर ती खुर्चीवर येऊन बसली ती मनाने त्या जिन्यातच होती, आणि हाताने निळ्याऐवजी पांढरी कुपी उचलली. असं कुणाचंही होतं. प्लेट टाकून द्यायची, दुसरी घ्यायची, स्वतःला दोन शब्द सुनावायचे आणि मोकळं व्हायचं. पण चूक झाली असेल तर पडदा काळा राहायला हवा होता. तिने चित्रण मागे नेलं, पुन्हा चालवलं. पिपेटचं टोक येतं, द्राव आत जातो, एक श्वास घ्यावा इतकी शांतता, आणि मग तो उजेड. दारावर टकटक करण्याआधीच आतून कुणीतरी "आले, आले" म्हणावं तसा. एसीचा वारा मानेवर येत होता. मागे इन्क्युबेटरचं दार कुणीतरी हलकेच लावलं. तिने पडदा बंद केला. का बंद केला हे तिला सांगता आलं नसतं. चोरी करताना कुणी पाहिल्यासारखी बोटं आपोआप गेली.

तिचं काम एका रिसेप्टरवर होतं. पेशीच्या अंगावर असे हजारो असतात. बाहेरचा निरोप आत पोचवणं एवढंच त्यांचं काम. फुफ्फुसाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी ती वाढवायची, त्यांना एक रंग पाजायची, आणि निरोप आत पोचला की कॅल्शियम उसळून तो रंग चमकायचा. एका आजारात फुफ्फुस आतून कडक होत जातं, जखम भरता भरता भरायची थांबत नाही, व्रणावर व्रण चढतो. त्या आजारात हा रिसेप्टर झोपी गेलेला असतो आणि त्याला जागं केलं तर व्रण थांबतील, असं तिच्या सरांचं म्हणणं. निळ्या टोपणातलं औषध त्याला जागं करायचं. उंदरांवरचे निकाल धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ नाही असे आले होते. काही सुधारले, काही होते तसेच राहिले. औषध विषारी नाही, एवढं मात्र ठरलं होतं. बाकी सगळी भिस्त पडद्यावरच्या त्या उजेडावर होती, आणि उजेडाची भिस्त तिच्या हातावर. कारण तो दुसऱ्या कुणाला धड दिसत नसे. दूरच्या एका प्रयोगशाळेने लिहून कळवलं होतं की आमच्याकडे पेशी उत्तर देत नाहीत. सर हसले होते. म्हणाले होते, औषध पाठवलं तसं बाईंचा हातही पार्सलने पाठवायला हवा होता. सगळे हसले, तीही हसली, आणि त्या रात्री घरी जाताना तिने आपला उजवा हात जरा जपूनच पर्समध्ये घातला होता.

औषध चिकट होतं. कुपीच्या, पिपेटच्या, प्लेटच्या, दिसेल त्या प्लास्टिकला चिकटायचं. म्हणून तिने एक पद्धत बसवली होती. ते हळूहळू सोडायचं नाही. अंगठ्याने एका दमात आत ढकलायचं आणि लगेच वरखाली घुसळून मिसळायचं, त्याला चिकटायला सवडच द्यायची नाही. औषध मोलाचं, कणाकणाने यायचं, तेव्हा ते घालायचं काम तिच्याशिवाय कुणाकडे नसे. तुलनेसाठी ज्या प्लेटांत नुसता द्राव घालायचा त्या असायच्या तिच्या मैत्रिणीकडे. मैत्रीण तिच्याच वयाची, तिच्याच बरोबर लागलेली. सगळी प्रयोगशाळा तिला गोगलगाय म्हणायची आणि तीही फोन उचलून "गोगलगाय बोलतेय" म्हणायची. तिचा हात संथ. ती द्राव प्लेटच्या कडेने थेंब थेंब सोडायची, बाळाच्या डोळ्यांत औषध घालावं तसा. द्रावात चिकटण्यासारखं काही नसतं, त्यामुळे घाई कशाला. तिच्या प्लेटा नेहमी काळ्या राहायच्या. एकीच्या प्लेटा काळ्या, एकीच्या उजळ, मधे फरक फक्त औषधाचा. असं सगळ्यांनी धरलं होतं. दोघींच्या हातांतला फरक कुणी मोजला नव्हता.

हे तिला बसस्टॉपवर उभं असताना कळलं. म्हणजे ते आधीपासून माहीतच होतं, फक्त तोंडावर पदर घेऊन उभं होतं. तिथे, पावलांपाशी कुणाचातरी रिकामा कागदी पेला वाऱ्याने गोल फिरत असताना, त्याने पदर काढला. पेशीला धक्का लागला की ती दचकते. दचकली की आपल्यातलंच थोडं रसायन बाहेर सांडते. शेजारणीच्या अंगावर ते रसायन झेलणारे वेगळेच रिसेप्टर असतात. ती ते झेलते, उजळते, स्वतःही थोडं सांडते, आणि असा तो उजेड पुढे पुढे जातो. हे काही गुपित नव्हतं. पाठ्यपुस्तकात होतं. विद्यार्थ्यांना तिनेच शिकवलं होतं, की पेशींवरचं पाणी बदलताना सावकाश, त्यांना नुसता प्रवाहाचा स्पर्शही पुरतो. शिकवून ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली होती आणि अंगठा दाबला होता. बस आली. ती चढली नाही. उजवा अंगठा दुखत होता, किंवा दुखतोय असं तिला वाटत होतं. तिने तो डाव्या मुठीत धरला. म्हणजे औषधाला नाही. इतकी वर्षं त्या पेशी मला उत्तर देत होत्या. मी ढकललं म्हणून. आणि या विचारात कुठेतरी, लाज वाटावी असा, एक सुखाचा चटकाही होता, की निदान कुणीतरी उत्तर देत होतं.

दादाने तिला पोहायला शिकवलं तेव्हा ती लहान होती आणि तो कॉलेजात. पुढे त्याने तोच व्यवसाय केला. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर त्याने दोन पिढ्यांना पाण्यात ढकललं आणि बाहेर काढलं. पण पहिली विद्यार्थिनी तीच. तो तिला मासोळी म्हणायचा, अजूनही म्हणतो. पाण्यावर उताणं पडायला शिकवताना तो पाठीखाली हात धरायचा, पंजा उघडा, दोन खांद्यांच्या मधोमध. कानांत पाणी गेलं की जग बंद व्हायचं. उरायचं वर छपराच्या काचेतून आलेलं ऊन आणि खाली तो हात. तिने त्याला बजावून ठेवलं होतं, हात काढशील तेव्हा सांग. त्याने कबूल केलं होतं. आणि एक दिवस तिने सहज मान वळवून पाहिलं तर तो कठड्याला टेकून, दोन्ही हात छातीवर बांधून उभा होता, तिच्यापासून कितीतरी लांब. ती तिथल्या तिथे बुडाली. नाकातोंडात पाणी, घशात क्लोरिनची आग. त्याने तिला वर काढलं तेव्हा ती खोकत खोकत त्याला मारत होती. सांगितलं का नाहीस. तो हसत म्हणाला, सांगितलं असतं तर आधीच बुडाली असतीस. ती त्याच्याशी किती दिवस बोलली नाही ते आता आठवत नाही, पण आईने दोघांची ताटं समोरासमोर मांडून पाहिली, शेजारी शेजारी मांडून पाहिली, आणि शेवटी दोघांनाही घराबाहेर काढून दार लावून घेतलं होतं, बोला मग आत या म्हणून.

तोच आजार दादाला झाला. ती ज्या आजारावर काम करत होती तोच. लोकांना यात काहीतरी दैवी योजना दिसली. वहिनी तर उघडच म्हणायची की देवाने आधी बहिणीला कामाला लावलं आणि मग भावाला दुखणं दिलं. ती स्वतः देवाला मानणारी होती, पण या हिशेबाने तिच्या अंगावर काटा यायचा. एरवी ती रोज सकाळी आंघोळीनंतर डोळे मिटून बसायची, काही मागायची नाही, नुसती बसायची. दादाच्या दुखण्याचं नाव कळलं त्या दिवसापासून ती मागायला लागली. गोड सोडलं. चहातली साखर, वाढदिवसाचा केक, सगळं. गोगलगाय म्हणायची, अगं, तुझ्या साखर सोडण्याने त्याची फुफ्फुसं सुधारतात हे सिद्ध करायला आणखी निम्म्या बहिणींना साखर खायला घालावी लागेल. ती हसायची. नेमाला तुलनेची प्लेट नसते, हे तिलाही कळत होतं. तरी पाळायची. आजाराला एक जुनं औषध होतं, गोळ्या. त्यांनी व्रण थांबत नसत, पण चाल मंदावायची, वर्षाची दोन वर्षं व्हायची. दादाला त्या गोळ्यांनी मळमळायचं. नव्या औषधाची चाचणी इस्पितळात सुरू होणार, पहिल्या गटात तो बसणार, असं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद करायला लावल्या. नवं सुरू करण्याआधी अंग कोरं हवं. त्याला आनंदच झाला. तेव्हापासून तो कोराच होता. रोज थोडा थोडा कडक होत. आणि वाट कशाची पाहत होता, तर निळ्या टोपणाची. सोमवारी इस्पितळातले डॉक्टर आणि सर बसून सुरुवातीची तारीख पक्की करणार होते. पडद्यावरचा उजेड दाखवायला तिलाही बोलावलं होतं.

दुसरी बस आली तेव्हा ती चढली. खिडकीच्या काचेत तिचा चेहरा आणि त्याच्यावरून सरकणारी दुकानं. शेजारच्या बाईचं मूल झोपेत दचकलं, आईने नुसता हात ठेवला तसं पुन्हा झोपलं. तिला वाटलं, कुणाला काही कळण्याची गरजच काय. पट्टी अजून शाबूत आहे. कुपी फ्रीजरमध्ये परत जाईल. दादा औषध घेईल, त्याने त्याला अपाय होणार नाही, मनाला उभारी येईल, आणि उभारीने माणसं जगतात असं सगळेच म्हणतात. हे तिने मनात इतकं नीट मांडलं की मांडून झाल्यावर तिलाच भीती वाटली. उतरायचा थांबा मागे गेला होता.

शनिवारी सकाळी ती डोळे मिटून बसली, पण डोळ्यांपुढे अंगठाच आला. प्रयोगशाळेत सुट्टीची शांतता होती. गोगलगायीला तिने बोलावून घेतलं होतं. कशासाठी ते फोनवर सांगितलं नव्हतं. ती आली, पिशवी खुंटीला अडकवून म्हणाली की सुट्टीच्या दिवशी बोलावणं म्हणजे एक तर कुणी मेलं असेल नाही तर कुणाचं लग्न ठरलं असेल, आणि मग तिचा चेहरा पाहून गप्प झाली. तिने सगळं सांगितलं. मैत्रिणीने केस वर बांधले. मग हातमोजे चढवत म्हणाली, चल, हात बदलू.

त्यांनी हात बदलले. औषध गोगलगायीने घातलं, आधीच उघडलेल्या दुसऱ्या एका कुपीतलं, तिच्या पद्धतीने, कडेने, थेंब थेंब. चिकटून वाया जाणार ते धरून दुप्पट घेतलं होतं. पडदा काळा राहिला. दोघी पाहत होत्या. एका कोपऱ्यात एक पेशी उगाच लुकलुकली आणि विझली, दूरच्या घरात कुणी पाणी प्यायला उठावं तशी. मग तिने स्वतः नुसता द्राव घातला, आपल्या पद्धतीने, अंगठ्याने एका दमात. उजेड. सगळीकडे उजेड. शेवटचं तेवढं राहिलं होतं. एक एन्झाइम असतं, पेशींनी सांडलेलं ते रसायन शेजारणीपर्यंत पोचायच्या आत खाऊन टाकणारं; मग उजेड दिसला तर तो औषधाचाच. ते आधी प्लेटमध्ये मिसळलं आणि मग तिने कालच्या कुपीचं निळं टोपण उघडलं. पट्टी उकलताना तिच्या नखाखाली तिचा बारीक तुकडा राहिला. औषध भरलं. पिपेट प्लेटवर आणली. अंगठ्याला सगळं पाठ होतं, किती जोर, कुठे थांबायचं, किती वेळा घुसळायचं. आणि तिने तसंच केलं, तसूभरही कमी नाही, उलट जरा जास्तच जोराने, कारण मनातल्या मनात ती पेशींना विनवत होती. एकदाच. त्याच्यासाठी. पडदा काळा राहिला. पंखा फिरत होता. गोगलगायीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने तो झटकला, मग लगेच तिचा हात धरून तो पुन्हा खांद्यावर ठेवला.

सर सुट्टीच्या दिवशीही येतात हे तिला माहीत होतं. त्यांनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. तिची आई गेली तेव्हा तिच्या वाटचे प्रयोग त्यांनी स्वतः करायचा प्रयत्न केला होता, आणि पेशींनी त्यांना भीक घातली नव्हती. तेव्हाही ते हसलेच होते. आता हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा अचानक एखाद्या थकलेल्या मुलासारखा दिसला. म्हणाले, सोमवारची बैठक होऊ दे. मग आपण शांतपणे, पहिल्यापासून, सगळं पुन्हा करू. काही उंदीर सुधारले होते, ते विसरू नका. औषध घातक नाही एवढं तरी खात्रीने सांगता येतं. ती म्हणाली, उपयोगी आहे असंही खात्रीने सांगता येत नाही. ते खिडकीकडे पाहत राहिले. बाहेर माळी पाइपाने कुंड्यांना पाणी घालत होता आणि पाण्याच्या धारेने माती उसळून बाहेर सांडत होती.

"तुमचा भाऊ पहिल्या गटात आहे," ते शेवटी म्हणाले. "मी काय सांगणार? तुम्हीच विचार करा."

ती उठली तेव्हा त्यांनी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. रागाने नाही, एखादी वस्तू आपल्या घरात इतकी वर्षं होती आणि आपण ती काय म्हणून वापरत होतो, असं पाहावं तसं. जिना उतरताना तिने कठडा डाव्या हाताने धरला. विचार तर ती करतच होती. विचार एका जागी बसत नव्हता. सांगितलं तर तो त्या गोळ्या पुन्हा सुरू करू शकेल, गेलेले महिने येणार नाहीत पण पुढचे थोडे लांबतील. सांगितलं तर त्याच्या चेहऱ्यावरचं ते काय आहे, जे गोळ्या बंद झाल्यापासून आलंय, ते जाईल. त्याने गल्लीभर सांगून ठेवलंय की मासोळी मला पुन्हा पाण्यात घालणार आहे. केशकर्तनालयात सांगितलंय. दूधवाल्याला सांगितलंय. नाही सांगितलं तर. इथे प्रत्येक वेळी वाक्य थांबायचं. पुढे त्याचा तो कठड्याला टेकून उभा असलेला चेहरा यायचा, छातीवर हात बांधलेला, लांब.

रविवारी सकाळी ती पुन्हा डोळे मिटून बसली. नेम तिने मोडला नाही, मागणं बदललं. तो बरा होऊ दे असं म्हणायला जीभ धजेना. बोलायच्या वेळी माझी वाचा बसू देऊ नकोस, एवढंच म्हणाली, आणि बिनसाखरेचा चहा पिऊन निघाली.

दादाला तलावावर जायचं होतं. रविवारी दुपारी तो बंद असतो, पण रखवालदार त्याचाच जुना विद्यार्थी. त्याने बाजूचं दार उघडून दिलं आणि आपल्या पोहण्याच्या सरांसाठी खुर्ची आणू का विचारलं. दादा नको म्हणाला. त्याच्या नाकाशी नळी, आणि मागे चाकांवर छोटं सिलिंडर. दारापासून काठापर्यंत यायला त्याला इतका वेळ लागला की मधे तिने दोनदा बुटाची नाडी सोडून बांधली, आपण थांबतोय असं त्याला वाटू नये म्हणून. त्याला कळलं. म्हणाला, लोक कुत्रं फिरवतात तसं मी हे सिलिंडर फिरवतो. फरक एवढाच, की कुत्रं दमलं तर मालक ओढतो, इथे उलटं. काठावर बसून त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. तीही बसली. पाणी गार होतं, हिरवट, पार तळाच्या फरशा दिसतील इतकं स्थिर. छपराच्या काचेतून ऊन येत होतं, तेच ऊन. सिलिंडर बारीक फुसफुसत होतं. तो सांगत होता, की औषध लागू पडलं की आधी उथळ बाजूला नुसता उभा राहीन, घाई करणार नाही, एकदम सूर मारायला मी काय तरणा आहे; तुझ्या वहिनीने नवा टॉवेल आणून ठेवलाय, तिला म्हटलं जुना काय वाईट होता. बोलता बोलता दम लागायचा, तो थांबायचा, आणि थांबणं जणू मुद्दामच होतं असं दाखवत पाण्याकडे पाहायचा. ती त्याच्या पायांकडे पाहत होती. घोट्यांपासून वलयं निघत होती, बाहेर बाहेर, पलीकडच्या भिंतीपर्यंत.

"दादा," ती म्हणाली, "त्या औषधात काही नाही."

वाचा बसली नाही. ती सांगत गेली, कुपी, पट्टी, अंगठा, सांडणारं रसायन, काळा पडदा. दहावीच्या मुलाला समजावं असं, एकेक वाक्य पुरं करत, मधे कुठेही आवाज न चढवता. सांगून झालं. तो पाय हलवायचा थांबला होता. वलयं विरत विरत पाणी पुन्हा सपाट झालं आणि त्यात दोघांची डोकी दिसायला लागली.

"हात कधी काढलास?" त्याने विचारलं.

"शुक्रवारी कळलं."

"कळलं कधी ते नाही विचारलं."

तिने पाण्यातल्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खऱ्याकडे पाहवेना. "नव्हताच," ती म्हणाली. "कधीच नव्हता. आहे असं मलाच वाटत होतं."

तो हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकला लांबला, त्याने एक हात वर करून तिला थांबवलं, काही होत नाही म्हणून, आणि दुसऱ्या हाताने काठाची फरशी घट्ट धरून ठेवली. ओठांच्या कडा निळसर झाल्या. मग हळूहळू श्वास जागेवर आला. दुसरंच काही सांगावं तसं, तो म्हणाला की तुला अजून वाटतं मी त्या दिवशी हात काढला. त्याच्या आधीही कितीतरी दिवस तो नव्हता. सुरुवातीला धरायचो आणि सोडून द्यायचो. तू मजेत तरंगत असायचीस, गाणी म्हणायचीस. त्या दिवशी तू फक्त वळून पाहिलंस. तिला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांनी पुन्हा तोच राग घशाशी आला, क्लोरिनसकट. आणि त्याच्यामागोमाग भीती, कारण तेव्हा हात नव्हता तरी खाली पाणी होतं, पाण्याने तिला धरलं होतं. याच्याखाली काय आहे?

"गोळ्या टाकल्या नाहीत मी," तो म्हणाला. "कपाटात वर आहेत. पोहण्याच्या चष्म्यांच्या डब्यात."

ठेवल्यास कशाला, असं तिच्या तोंडून निघालं. त्याने खांदे उडवले. पाण्यात उतरताना कठडा कुठे आहे ते बघून ठेवावं, म्हणाला, एवढं एकच तर पोरांना शिकवत आलो. तुझ्यावर भरवसा नव्हता असं नाही. मग म्हणाला, तुझ्या वहिनीला मी सांगेन, तू मधे पडू नकोस, टॉवेलचं तिला वाईट वाटेल. आणि मळमळेल आता पुन्हा. मळमळू दे. त्याचा आवाज सरळ होता, पण पाण्याखाली त्याच्या पायांची बोटं वळली होती, घट्ट, थंडीने वळावीत तशी, आणि ती काही उलगडत नव्हती. त्या बोटांपाशी तिची नजर अडकून राहिली.

उद्या तिथे बोलशील का, त्याने विचारलं. ती म्हणाली, बोलेन. सरांसमोर, डॉक्टरांसमोर. आवाज थरथरेल. थरथरू दे, तो म्हणाला, आणि मग बोलायचा थांबला, कारण श्वास पुरला नाही. ती सरकून त्याच्याजवळ गेली आणि तिने उजवा हात त्याच्या पाठीवर ठेवला, पंजा उघडा, दोन खांद्यांच्या मधोमध. शर्टाखाली बरगड्या लागल्या. प्रत्येक श्वासाबरोबर आत खोल काहीतरी करकरत होतं, चिकटपट्टी उकलावी तसं, बारीक, कोरडं. तो आवाज तिने आजवर वाचलाच होता. तळव्याला तो आत्ता पहिल्यांदा लागला. अंगठा तिने मुद्दाम सैल ठेवला, कसलाही जोर न देता. थोड्या वेळाने श्वास जरा संथ झाल्यासारखा वाटला. तो हाताने झाला, की बसल्याने, की आपोआप होणारच होता, की झालाच नव्हता, हे कळायला काही मार्ग नव्हता. तो समोर पाहत होता. मान वळवली नाही.

"मासोळे," तो म्हणाला, "हात काढशील तेव्हा सांग."

"सांगेन," ती म्हणाली.